पुराव्याला हात लावू नये

“लिही,” शोधमहर्षी म्हणाले. “नजर म्हणजे क्ष-किरण. कान असे की शेजारच्या इमारतीत कुणी खोटं बोललं तरी इकडे ठणका लागावा. आणि बुद्धी? बुद्धीबद्दल मी स्वतः बोलणं बरं दिसत नाही, तेव्हा ते तू तुझ्या शब्दांत लिही. दोन पानं पुरेत.”

सहायकाने लिहायला घेतलं. लिहिता लिहिता त्याच्या लक्षात आलं, की शोधमहर्षींच्या शर्टाची बटणं एक घर चुकली आहेत आणि कॉलरचं एक टोक कानाशी जाऊन पोचलं आहे. पण तो काही बोलला नाही. मागच्या वेळी बोलला होता, तेव्हा ते वेषांतर असल्याचं त्याला सुनावण्यात आलं होतं.

शोधमहर्षी ही पदवी कुठल्या विद्यापीठाने दिलेली नव्हती. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांनी ती स्वतःच स्वतःला बहाल केली होती. त्याआधी एकतीस वर्षं ते घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचत असत. “मीटर कधी खोटं बोलत नाही,” ते सांगत. “खोटं बोलतो तो मीटरमागचा माणूस. इतकी वर्षं मी मीटर वाचले, आता माणसं वाचतो.” वस्तीतली माणसं मात्र कृतघ्न. ती त्यांना अजूनही ‘मीटरवाले काका’च म्हणत.

आजवर त्यांनी दहा प्रकरणं हाताळली होती. पैकी नऊ निकालात निघाली होती, म्हणजे लोकांनी नाद सोडला होता. दहावं प्रकरण एका हरवलेल्या कुंडीचं. ती शेवटी शोधमहर्षींच्याच गॅलरीत सापडली, तेव्हा ‘गुन्हेगाराने संशय माझ्यावर ढकलण्याचा डाव रचला’ असा निष्कर्ष काढून त्यांनी ती जप्त केली. कुंडी अजून तिथेच आहे आणि ताई तिला रोज पाणी घालते.

ताई म्हणजे शोधमहर्षींची बायको, आणि सहायक हा तिचा धाकटा भाऊ. शाळेच्या कार्यालयात कारकुनी करून निवृत्त झालेला, एकटा जीव. अक्षर वळणदार आणि स्वभाव गरीब, या दोन दुर्गुणांमुळे मेहुण्याची नेमणूक सहायक म्हणून झाली होती. राजीनामा देण्याची सोय नात्यात नसते.

तर त्या गुरुवारी, बुद्धीचं वर्णन दीड पानापर्यंत आलेलं असताना, दारावरची घंटा वाजली आणि अध्यक्ष आत आले. चार इमारतींची मिळून एक समिती होती, तिचे हे अध्यक्ष. गृहस्थ घरात पाणी मागायचे तेसुद्धा ठराव मांडल्यासारखे.

“काका, चोरी झालीय,” ते म्हणाले.

“थांबा. काही सांगू नका.” शोधमहर्षींनी डोळे मिटले. “तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता.”

“हो. तुम्ही नऊ वर्षं माझा मीटर वाचलाय.”

“बघितलंस?” शोधमहर्षी सहायकाकडे वळले. “लिहून घे.”

हकीकत अशी होती. अध्यक्षांच्या घरी एक जुना व्हॅक्यूम क्लीनर होता. गेल्या आठवड्यात त्याला जळका वास यायला लागला, म्हणून तो कोपऱ्यावरच्या मशीनमावशीकडे दुरुस्तीला दिला. मंगळवारी संध्याकाळी तिने तो परत दिला. दुकानात चालवून दाखवला तेव्हा त्याने जमिनीवरचे स्क्रूसुद्धा गिळले. बुधवारी सकाळी घरी लावला, तर बिस्किटाचा चुरा जागचा हलेना. आवाज मात्र असा, की खालच्या मजल्यावरचे लोक काठीने छत ठोकायला लागले.

“तिने आतली चांगली मोटर काढून घेतली आणि भलतीच बसवली,” अध्यक्ष म्हणाले. “एक दिवस चालेल अशी. रविवारी समितीची बैठक आहे. त्या बाईला चारही इमारतींत पाऊल टाकू द्यायचं नाही, असा ठराव येणार आहे. फळ्यावर सूचना लावलीसुद्धा. निकाल माझ्याकडे तयार आहे, काका. फक्त पुरावा नाही. तेवढा तुम्ही रविवारपर्यंत काढून द्या.”

निकाल आधी आणि तपास नंतर, ही पद्धत शोधमहर्षींना मनापासून आवडली. त्यांचीही तीच होती.

सहायकाचं पेन मात्र जागीच थांबलं. अध्यक्षांना मशीनमावशीचं दुकान दाखवलं होतं ते त्यानेच. “हात सोन्याचे आहेत बाईचे, डोळे मिटून द्या,” असा शब्द त्याने टाकला होता. आयुष्यात त्याने फार कमी ठिकाणी शब्द टाकला होता, कारण त्याच्या शब्दाला विचारतं कोण? मशीनमावशीबद्दल मात्र त्याला खात्री होती. दुकान मुळात तिच्या नवऱ्याचं. नवऱ्याचे हात थरथरायला लागले तेव्हा तिने त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि त्यालाच शेजारी बसवून त्याच्याकडून सगळं शिकली. आता दहा वर्षं झाली. तिचं निम्म्याहून जास्त काम या चार इमारतींतून येत होतं. तेच तुटलं, तर त्या दोघांनी करायचं काय, हा विचार सहायकाला जिना उतरतानाही सोडेना.

“चल,” शोधमहर्षी म्हणाले. “गुन्हा ताजा आहे तोवर हुंगला पाहिजे.”

अध्यक्षांच्या घरात पाऊल टाकताच शोधमहर्षी थबकले. सोफ्यावर प्लास्टिक होतं, दुकानातून येताना असतं तेच, अकरा वर्षांपूर्वीचं. बसलं की ते कुरकुरे आणि उठलं की पाठीला चिकटून थोडं सोबत येई. टीव्हीचा रिमोट पिशवीत, पिशवीला दोन रबरबँड, आणि वरचे आकडे दिसेनासे झाल्यामुळे सगळं घर रिमोट अंदाजपंचे दाबत असे. दिव्यांच्या बटणांवर पारदर्शक कागद. खुर्च्यांच्या पायांना पिशव्यांचे मोजे. कोपऱ्यात अध्यक्षांची आई बसली होती. तिने चष्मा काढला, घरात घातला, घर पिशवीत घातलं आणि पाहुण्यांकडे बघून हसली.

“प्लास्टिक,” शोधमहर्षी कुजबुजले. “सर्वत्र. लिही. या घरात कुणीतरी आपल्या बोटांचे ठसे मागे राहू देत नाहीय.”

“आमची आई आहे ती,” अध्यक्ष म्हणाले. “वस्तू मळलेली तिला चालत नाही.”

“बहाणा चांगला आहे,” शोधमहर्षींनी मान डोलावली.

“मीटर जिन्याखाली आहे हो,” आजी म्हणाल्या.

“आजी, मी मीटर बघायला आलेलो नाही.”

“नसेना का. पण आता आलाच आहात तर आकडा घेऊन जा. पुन्हा हेलपाटा नको.”

अध्यक्षांच्या पत्नीने, म्हणजे आजींच्या सूनबाईने, मशीन बाहेर आणलं. बुटकं, गोल पोटाचं, मागे सोंडेसारखी लांब नळी. तिने बटण दाबलं. यंत्राने असा उंच सूर धरला की सहायकाने कानात बोटं घातली. सतरंजीवर बिस्किटाचा चुरा पसरून ठेवला होता. यंत्र त्याच्यावरून तीनदा गेलं. चुरा निवांत पडून राहिला.

“ऐकलात आवाज?” शोधमहर्षी ओरडले. “हा व्हॅक्यूम क्लीनरचा आवाज नव्हे. हा मिक्सरचा! आत मिक्सरची मोटर आहे!”

“मिक्सर असता तर चुऱ्याची निदान पूड झाली असती,” सूनबाई म्हणाली आणि यंत्र बंद केलं.

मग शोधमहर्षींनी नळी सोडवून तपासायला घेतली. एक टोक डोळ्याला लावून ते बराच वेळ आत बघत राहिले.

“काळोख,” ते शेवटी म्हणाले. “गडद काळोख. नळीत काहीतरी कोंबलंय. हिरे असतील, कागदपत्रं असतील. दुसऱ्या टोकाला उजेड दिसायला हवा, तो नाही.”

सहायक दुसऱ्या टोकाशी गेला. नळीचं दुसरं टोक शोधमहर्षींनी आपल्याच उजव्या तळहातावर घट्ट धरून ठेवलं होतं.

“भावोजी, हात काढा जरा.”

हात निघाला. उजेड दिसला. “पुरावा निसटला,” शोधमहर्षी म्हणाले आणि सहायकाकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू हिरे त्यानेच खिशात घातले.

“मी म्हणते,” आजी कोपऱ्यातून म्हणाल्या, “त्या बाईने पिशवी मात्र छान दिलीय हो. पांढरी शुभ्र. मी तर लगेच—”

“आजी!” शोधमहर्षींनी हात वर केला. “साक्षीदाराने विचारल्याशिवाय बोलायचं नसतं. त्याने तपासाची दिशा भरकटते.”

तपासाला दिशा होती हे सहायकाला तेव्हा कळलं. आजी गप्प झाल्या. शोधमहर्षींनी खिशातून तपकिरी चिकटपट्टीचं रीळ काढलं, मशीनच्या गोल पोटाला पाच वेढे दिले आणि वर कागद चिकटवला. कागदावर सहायकाकडून वळणदार अक्षरात लिहून घेतलं, ‘पुराव्याला हात लावू नये. हुकमावरून.’ हुकूम कोणाचा, हे लिहिलं नाही. ते लिहिलं की वजन कमी होतं, असं शोधमहर्षींचं मत होतं.

मशीनमावशीचं दुकान म्हणजे कोपऱ्यावरच्या इमारतीच्या जिन्याखालची एक खोली. पंखे, इस्त्र्या, मिक्सर, उघडे पडलेले व्हॅक्यूम क्लीनर. आत एका खुर्चीत तिचा नवरा रेडिओ ऐकत बसलेला. ती पुढे स्टुलावर बसून एका लांबट ब्रशला गुंडाळलेले केस ब्लेडने कापून काढत होती. सहायकाला बघून ती हसली. त्याच्या मागून शोधमहर्षी आत आले तेव्हा तिने हसू आवरलं.

“बुधवारी सकाळी तुम्ही कुठे होतात?” शोधमहर्षींनी विचारलं.

“इथेच.”

“मंगळवारी?”

“इथेच.”

“आणि सोमवारी?”

“इथेच. दुकान आहे ना माझं.”

“तिन्ही दिवसांचं उत्तर एकच,” शोधमहर्षी सहायकाला म्हणाले. “पाठ केलेलं दिसतंय. लिही.”

मशीनमावशीने ब्लेड खाली ठेवलं. “हे बघा काका, मोटरमध्ये कार्बनचे दोन छोटे तुकडे असतात. ते झिजले की ठिणग्या उडतात, वास येतो. ते मी बदलले. आतली कापडी पिशवी फाटली होती, धूळ सरळ मोटरवर जात होती. म्हणून नवी पिशवी घातली. फिल्टर झटकून दिला. याउपर मी काही केलं नाही. मशीन ओढत नाही म्हणता, पण आवाज कसा येतोय? खर्जातला की चढा?”

“चढा,” सहायक पटकन म्हणाला. “फार चढा.”

“मग मोटर ठणठणीत आहे. हवा कुठेतरी अडली की मोटरचा आवाज चढतो. नळीत काही अडकलंय का?”

“नाही. नळी आम्ही... बघितली,” सहायक म्हणाला.

“मग पिशवी बघा, नाहीतर फिल्टर. झाकण उघडायचं नि आत डोकवायचं. दोन मिनिटांचं काम आहे. मी आत्ता येते हवं तर.”

“वा!” शोधमहर्षी हसले. “म्हणजे आरोपीच्याच हातात पुरावा द्यायचा? बाई, एकतीस वर्षं मी मीटरचं झाकण उघडू पाहणारे लोक पकडले. झाकण उघडतो तोच चोर असतो.”

“आणि उघडल्याशिवाय दुरुस्त कसं होणार?”

“दुरुस्त करायचंय कोणाला? आम्हाला रहस्य सोडवायचंय.”

शोधमहर्षी दुकानाबाहेर पायांचे ठसे मोजायला गेले. त्या जिन्यावरून रोज दोनशे माणसं ये-जा करत असल्यामुळे ते काम बरंच चाललं. मशीनमावशी हलक्या आवाजात सहायकाला म्हणाली, “फळ्यावरची सूचना वाचली मी. काल दोघं जण आपापले पंखे परत घेऊन गेले, न दुरुस्त करताच. तोंडावर काही बोलले नाहीत, नुसते घेऊन गेले.” तिने आत रेडिओशी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. “यांना अजून सांगितलं नाही. आयुष्यभर याच कामात गेलेत त्यांचे हात. चोरीचा आळ आला म्हटलं तर सोसायचं नाही त्यांना. तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकला होता ना? मग एवढंच करा. ते मशीन माझ्यासमोर एकदा उघडा. माझी चूक निघाली तर मी स्वतः दुकानाला कुलूप लावेन.”

“बघतो,” सहायक म्हणाला. बघतो म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत होतं. घरी जाताना त्याला स्वतःची फार लाज वाटली.

शुक्रवार आणि शनिवार शोधमहर्षींनी घरच्या टेबलाशी बसून तपास केला. उंटावरून शेळ्या हाकायला उंटसुद्धा लागत नाही, आरामखुर्ची पुरते. शुक्रवारी दुपारपर्यंत मिक्सरचा सिद्धांत मागे पडला आणि लिफ्टचा पुढे आला: मंगळवारी अध्यक्ष मशीन घेऊन लिफ्टने वर जात असताना दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी मोटर बदलली. अध्यक्ष तेव्हा लिफ्टमध्येच होते, हे सहायकाने लक्षात आणून दिलं. “म्हणूनच तर कुणाला संशय आला नाही,” शोधमहर्षी म्हणाले. रात्रीपर्यंत एक आंतरराष्ट्रीय टोळी तयार झाली, जी जगभरातून जुन्या मोटरी गोळा करते. कशासाठी, ते अजून ठरायचं होतं. शनिवारी सकाळी टोळीत फूट पडली. दुपारी शोधमहर्षी अचानक ताठ बसले.

“फायदा कोणाचा?” ते म्हणाले. “मशीन बंद पडलं तर फायदा कोणाचा? हा प्रश्न आपण विचारलाच नाही!”

“मी एक विचारू का?” ताई भाजी निवडत होती. “ते मशीन कुणी उघडून बघितलं का?”

“अडाणी प्रश्न,” शोधमहर्षी म्हणाले.

“असेल. पण उत्तर काय?”

शोधमहर्षींनी टिपणांचा एक नवा कागद पुढे ओढला. ताईने सहायकाकडे पाहिलं. लहानपणी तो परीक्षेचा निकाल लपवून आला की ती अशीच बघायची. “आणि तू रे?” ती म्हणाली. “तुझं काय? तुला हात दिलेत की नाही देवाने? का नुसते लिहायला?”

सहायकाने वहीची पानं सारखी केली. पण ते वाक्य त्याच्या मनातून गेलं नाही. रात्री जेवताना तो दोनदा घास हातात धरून थांबला. सकाळी बैठकीला निघताना त्याने ताईच्या शिवणाच्या डब्यातली कात्री उचलून सदऱ्याच्या खिशात टाकली. कात्री हरवल्याचं ताईला दिसलं, तरी तिने विचारलं नाही.

बैठक समितीच्या कार्यालयात होती. वीसेक माणसं, मोडक्या खुर्च्या, मध्ये टेबल. टेबलावर पाच वेढ्यांत गुंडाळलेलं मशीन, एखाद्या अपघातातून वाचलेल्या माणसासारखं. अध्यक्ष, सूनबाई आणि आजी पहिल्या रांगेत होते. आजींनी बसायला घरून स्वतःचं प्लास्टिक आणलं होतं. मशीनमावशी दाराशी उभी होती. तिला कुणी बस म्हणालं नव्हतं. एका हाताची बोटं तिने दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवली होती.

शोधमहर्षींनी टिपणांचे कागद टेबलावर ठेवले आणि ते उभे राहिले. “सज्जनहो, गुन्हेगार याच खोलीत आहे.”

लोकांनी दाराकडे पाहिलं.

“तिकडे नका बघू,” शोधमहर्षी म्हणाले. खोलीत कुजबूज झाली, आणि क्षणभर सहायकाला वाटलं, की भावोजींना खरंच काही उमगलं आहे. “मी विचार केला, की मशीन बंद पडल्यामुळे फायदा कोणाचा? दर रविवारी त्या घरात मशीन फिरवण्याचं काम कोणाकडे आहे? कोणाला सोफा सरकवावा लागतो, पलंगाखाली वाकावं लागतं, कंबर धरून उठावं लागतं? आणि आज रविवार असून तो माणूस इथे मजेत खुर्चीवर बसलाय!”

सूनबाईने वळून नवऱ्याकडे पाहिलं. अध्यक्षांचा चेहरा कान पकडलेल्या मुलासारखा झाला.

“काका!” अध्यक्ष उठले. “तुम्हाला पुरावा आणायला सांगितला होता, माझा नव्हे, तिचा!”

“मोटर काढून ह्यांनी ती कपाटावर लपवली असणार,” शोधमहर्षी म्हणाले.

“ह्यांनी?” सूनबाई म्हणाली. “ह्यांना साधा दिव्याचा बल्ब बदलता येत नाही. मोटर काढायला निदान मशीन कुठून उघडतं ते तरी माहीत हवं.”

लोक हसायला लागले. अध्यक्षांना हसू सोसत नसे. त्यांनी टेबलावर हात आपटला. “हा पोरखेळ पुरे. पुरावा असो वा नसो, ठराव मांडतो. या बाईला आजपासून चारही इमारतींत बंदी. ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करा.”

एक हात वर झाला. मग तीन झाले. हात वर करणाऱ्यांत एक जण असा होता, ज्याच्या आईचा श्वास घेण्याचा पंप मशीनमावशीने सुट्टीच्या दिवशी येऊन दुरुस्त केला होता. सहायकाने त्याला ओळखलं. मशीनमावशीनेही ओळखलं असावं, कारण तिने मान खाली घातली.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं लहानपणापासून ऐकलं होतं. पण त्या फाशीचा दोर ओढणाऱ्यांत आपल्या वहीचाही हात आहे, हे सहायकाला त्या क्षणी कळलं. तो उठला. टेबलापाशी जाऊन त्याने खिशातली कात्री काढली.

“अरे, काय करतोस?” शोधमहर्षी ओरडले. “तुझ्याच अक्षरात लिहिलंय, हात लावू नये!”

“म्हणूनच मीच कापतो,” सहायक म्हणाला.

पाच वेढे कापायला वेळ लागला, कारण चिकटपट्टी चांगल्या प्रतीची होती. मग तो दाराकडे वळला. “मावशी, या. सगळ्यांसमोर उघडा.”

मशीनमावशी आली. बाजूचा खटका दाबून तिने झाकण वर केलं आणि आतली पांढरी कापडी पिशवी अलगद बाहेर काढली. नवी कोरी. तिने पिशवीच्या तोंडात दोन बोटं घातली आणि तिथेच थांबली. मग हळूहळू आतून काहीतरी ओढायला लागली. आधी एक कड आली. मग चुरचुर आवाज करत अख्खीच्या अख्खी प्लास्टिकची पिशवी बाहेर आली, तोंडाच्या काठाला रबरबँड असलेली. ती तिने हवेत धरली.

“ही कुठून आली?” अध्यक्षांनी विचारलं.

“ही मी घातली,” आजी म्हणाल्या.

सगळ्या माना आजींकडे वळल्या.

“असे काय बघताय सगळे? एवढी पांढरी शुभ्र पिशवी दिली त्या बाईने. तिच्यात ती घाण धूळ जाणार. दोन दिवसांत मळून काळी झाली असती. म्हणून मी आतून प्लास्टिक लावलं. धूळ प्लास्टिकमध्ये, पिशवी जशीच्या तशी!” आजींनी मुलाकडे पाहिलं. “मी सांगत होते त्या दिवशी. ह्या मीटरवाल्यांनी बोलू दिलं नाही.”

“आजी,” मशीनमावशी हसत म्हणाली. “अहो, ह्या कापडातून हवा बाहेर जाते, म्हणून धूळ आत येते. प्लास्टिक लावलं की हवा कोंडते. कोंडली की ओढणार कोण?”

“अगं बाई,” आजी म्हणाल्या. “म्हणजे ती मळायलाच असते?”

“मळायलाच असते. मळली की झटकायची.”

तिने पिशवी बसवली, झाकण लावलं आणि बटण दाबलं. या वेळी आवाज खालचा, भरदार आला. सोंड नुसती टेबलाजवळ नेली, तर शोधमहर्षींची सिद्धांतांची सगळी टिपणं, लिफ्ट, मिक्सर आणि आंतरराष्ट्रीय टोळीसकट, एकामागून एक सरसर आत गेली. मग ‘पुराव्याला हात लावू नये’ हा कागदही गेला. त्या मशीनने त्या आठवड्यात केलेली ती पहिली साफसफाई होती.

वर गेलेले तिन्ही हात केव्हाच खाली आले होते. अध्यक्ष घसा खाकरत म्हणाले, “बरं, मग... गैरसमज झाला म्हणायचा.”

“माझ्या कानात नका म्हणू,” मशीनमावशी म्हणाली. “फळ्यावर म्हणा. आळ फळ्यावर आला होता.”

मागून सूनबाई म्हणाली, “बरोबर आहे,” आणि पाठोपाठ बरेच लोक तेच म्हणायला लागले. माफीनामा तिथेच लिहिला गेला. अक्षर सहायकाचं होतं, सही अध्यक्षांची. सही करताना अध्यक्षांचा हात थोडा जड चालला. हात वर करणाऱ्यांतला तो पंपवाल्या आईचा मुलगा मशीनमावशीजवळ आला आणि त्याने एक खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती म्हणाली, “आईंचा पंप कसा चाललाय?”

सोमवारी सकाळी सहायक फळ्यापाशी गेला, तेव्हा माफीनामा जागेवर होता. फक्त रात्रीतून त्याच्यावर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी चढली होती आणि चारी कोपऱ्यांना रबरबँड लागले होते. मळू नये म्हणून. सहायक तिथे उभा राहून एकटाच बराच वेळ हसला.

मग तो वर गेला. शोधमहर्षी तयारच होते.

“लिही,” ते म्हणाले. “प्रकरण अकरावं. गुन्हेगार वयोवृद्ध असूनही अत्यंत कावेबाज होता. पहिल्याच दिवशी घरातलं प्लास्टिक आमच्या नजरेतून सुटलं नाही, याला वही साक्ष आहे. केवळ गुन्हेगाराच्या वयाचा मान राखून आम्ही तीन दिवस मौन बाळगलं आणि योग्य क्षणी आमच्या सहायकाला कात्री चालवण्याची खूण केली...”

सहायकाने वही मिटली, पेनाला टोपण लावलं आणि दोन्ही टेबलावर ठेवली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. ताई ऐकत असावी.

“का रे? निघालास कुठे?”

“मावशींकडे. बुधवारी परत गेलेले दोन पंखे आज पुन्हा आलेत, वर आणखी चार. ब्रशचे केस कापायला माणूस हवाय म्हणाल्या.” दारापर्यंत जाऊन तो वळला. “आणि भावोजी...”

“काय?”

“तुमच्या शर्टाची बटणं चुकलीत. गुरुवारपासून.”